समोरासमोरच्या बाजू

काचवाला आणि त्याच्या सासूबाई आठ महिने एका घरात राहत होते, पण एकमेकांशी थेट बोलत नव्हते. भांडण म्हणावं तर तसं काही झालेलं नव्हतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं, गुडघे फारच कुरकुरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं आणि मशीन, कात्र्या, खडूंचा डबा घेऊन त्या लेकीकडे राहायला आल्या. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी घरामागच्या लांबट खोलीतलं जावयाचं कामाचं टेबल लख्ख पुसून काढलं. त्या टेबलावर काचवाल्यानं दीड दिवस खपून, खडूनं, एका जिन्याच्या खिडकीची पूर्ण मापाची आकृती काढलेली होती. तो आला, त्यानं टेबलाकडे बघितलं, "असू दे" म्हणाला, आणि मग तीन दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

तो मुळातच घुम्या, पण हे सासूबाईंना कोण सांगणार? त्यांना वाटलं, जावईबापू रागावले. त्या गप्प झालेल्या बघून त्याला वाटलं, आपल्या "असू दे"मध्येच काहीतरी खोट असणार. तेव्हापासून सगळे निरोप त्याच्या बायकोमार्फत जायला लागले. "त्यांना विचार, आमटीत मीठ बरोबर आहे का." "आईंना सांग, बरोबर आहे." तेही तिघं एकाच टेबलाशी जेवत असताना. बायको हॉस्पिटलात नर्स होती. दिवसभर पेशंटचं आणि त्यांच्या नातेवाइकांचं ऐकून घ्यायची, घरी येऊन इथली दुभाषी व्हायची. तिनं दोघांनाही वेगवेगळं गाठून समजावलं होतं. दोघांनीही मान डोलावली होती आणि पुढे काही केलं नव्हतं.

एका शनिवारी दातांच्या डॉक्टरीणबाई काचवाल्याच्या दुकानात आल्या. त्यांच्या घराच्या माळ्यावर उतरत्या छपराखाली एक खिडकी होती. तिची खालची बाजू आडवी, एक उभी बाजू बुटकी, दुसरी उंच, आणि वरची बाजू छपराच्या उतारानं तिरकी. या वेड्यावाकड्या चौकटीत पूर्वी एक मोठा गोल रंगीत काचेचा होता आणि चार कोपऱ्यांत दुधी काचेचे तुकडे. गेल्या वर्षी वादळात सगळ्याचा चुरा झाला.

"हा बघा फोटो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोल चारही बाजूंना टेकलाय, दिसतंय ना? मला तस्साच हवाय. कुठे फट नको, कुठे कापलेला नको."

"मी येऊन माप घेतो," काचवाला म्हणाला.

"कशाला? मी घेतलंय." त्यांनी कागद पुढे केला. "अहो, मी दाताच्या पोकळीत अर्ध्या मिलिमीटरचं काम करते. तिथं चुकले तर माणूस खुर्चीतून उडी मारतो. ही तर एवढी मोठी खिडकी!"

कागदावर सेंटीमीटरमध्ये चार आकडे होते. खालची बाजू ऐंशी, बुटकी उभी साडेसत्तावन्न, उंच उभी एकशे साडेसतरा, वरची तिरकी शंभर. खालचे दोन्ही कोपरे काटकोनात आहेत, हेही त्यांनी लिहिलं होतं. काचवाल्यानं कागद खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच्या बायकोची दिवसभराची पाळी होती. ती सहालाच बाहेर पडली. काचवाल्यानं टेबलावर खाकी कागद अंथरला आणि चौकट काढायला घेतली. आधी आडवी ऐंशी, दोन टोकांना दोन उभ्या, मग त्यांची वरची टोकं जोडली. जोडरेघ मोजली तर बरोबर शंभर, केसभरही फरक नाही. बाईंचा हात पक्का आहे, असं मनाशी म्हणून त्यानं पुठ्ठ्याच्या चकत्या कापायला घेतल्या, कारण काच कापायची हिरकणी चालवण्याआधी पुठ्ठ्यावर चुकलेलं परवडतं.

दोन उभ्या बाजूंमध्ये अंतर ऐंशीचं, म्हणून पहिली चकती ऐंशी व्यासाची. ती दोन्ही उभ्या बाजूंना छान टेकली, पण खाली टेकवावी तर वर तिरक्या रेघेच्या बाहेर जायची. दुसरी एकोणऐंशीची, तीही बाहेर. तिसरी अठ्ठ्याहत्तरला जेमतेम जास्त. ती खाली टेकली, तिरक्या बाजूला टेकली, उंच बाजूलाही टेकली, आणि बुटक्या बाजूशी बोट जाईल एवढी फट राहिली. त्यानं चकती सरकवून बघितली, फिरवून बघितली. गोल फिरवून काय होणार? पण माणूस हैराण झाला की फिरवून बघतोच.

शाळेत त्याला भूमितीत दोनदा भोपळा मिळाला होता. पुढे कामानं हात शहाणा झाला आणि भूमितीची गरज कधी पडली नाही. आज मात्र हात म्हणत होता बसत नाही, आणि फोटो म्हणत होता बसलंय.

अकराच्या सुमारास सासूबाईंनी चहा केला. एरवी हाक मारायला लेक असायची. त्या दोन कप ट्रेमध्ये घेऊन दारापर्यंत आल्या, उंबऱ्याशी थांबल्या आणि समोरच्या भिंतीला म्हणाल्या, "चहा झालाय म्हणावं."

काचवाला चकतीकडे बघत म्हणाला, "येतो म्हणावं."

निरोप न्यायला कोणीच नव्हतं. मग सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरामागे दाबलं, पण ट्रेमधले कप खुळखुळले आणि पितळ उघडं पडलं. काचवाल्यानं मान वर केली. तोही हसत होता, फक्त आवाज न करता, ती त्याची पद्धत.

"या ना आई, आत या," तो म्हणाला. "टेबलावर ठेवा."

"नको बाई, टेबलाला मी हात लावणार नाही," म्हणत त्या आत आल्याच. स्टुलावर ट्रे ठेवून त्यांनी चष्मा सारखा केला आणि कागदावर वाकल्या. "कुठं घोडं पेंड खातंय?"

त्यानं फोटो दाखवला, मापं दाखवली, तिन्ही चकत्या एकामागून एक ठेवून दाखवल्या. आठ महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता.

सासूबाईंनी फटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, यात गोल बसणारच नाही. तुम्ही शंभर चकत्या कापा."

"का पण?"

"ते अजून कळलं नाही. पण अंगाला बसणारं कापड आणि न बसणारं कापड मला लांबून ओळखू येतं. तुम्ही स्वयंपाकघरातून एक ताटली आणा. आणि माझा खडूंचा डबा."

त्यानं दोन्ही आणलं. सासूबाईंनी जुन्या वर्तमानपत्रावर ताटली पालथी ठेवली, तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. मग पट्टी ताटलीच्या कडेला टेकवून एक रेघ मारली, पट्टी हलवून दुसरी, तिसरी, चौथी. रेघा कशाही तिरक्या, पण प्रत्येक ताटलीला टेकलेली. झाली वेडीवाकडी चौकट आणि आत तिला चारही बाजूंनी टेकलेला गोल.

"आता उलट्या बाजूनं बघू. हा बसलेला गोल. बसलेल्या गोलात असं काय असतं, जे तुमच्या कागदात नाही?"

त्यांनी चौकट कात्रीनं कापून घेतली आणि एका कोपऱ्याच्या दोन कडा एकमेकींवर आणून कागद दुमडला. शिवणाऱ्याच्या हाताला ही सवयच असते. कापडाला आकार द्यायचा तर चिमटी घ्यायची, आणि चिमटीच्या दोन्ही कडा सारख्या नसतील तर शिवण सुरकुतते. त्यांनी घडी उजेडापुढे धरली आणि त्या थांबल्या.

"अहो, इकडे या. हे बघा. गोलाची ही अर्धी बाजू त्या अर्ध्या बाजूवर बरोबर बसली. घडी गोलाच्या मधोमध गेलीय. आणि गोल कडेला जिथं टेकतो ना, ते दोन्ही ठिपके एकावर एक आलेत."

काचवाल्यानं वाकून बघितलं. खरंच की. "म्हणजे कोपऱ्यापासून या टेकण्यापर्यंतचं अंतर आणि त्या टेकण्यापर्यंतचं अंतर..."

"सारखं. चिमटीच्या दोन कडा. दुसरा कोपरा बघू."

दुसराही तसाच, तिसराही, चौथाही. कोपरा रुंद असो की निमुळता, त्याच्यापासून निघालेले दोन तुकडे सारखेच निघत. सासूबाईंनी डबा उघडला. पहिल्या कोपऱ्याचे दोन्ही तुकडे त्यांनी लाल खडूनं रंगवले, दुसऱ्याचे निळ्या, तिसऱ्याचे पिवळ्या, चौथ्याचे हिरव्या. मग दोघंही चहा विसरून त्या रंगीत चौकटीकडे बघत बसले.

आणि भूमितीत दोनदा भोपळा मिळालेला काचवाला एकदम टेबलावर हात आपटून ओरडला, "आई! ही बाजू बघा, लाल आणि निळी. हिच्या समोरची पिवळी आणि हिरवी. दोन्ही मिळून चारही रंग एकेकदा!"

"बरं मग?"

"आणि ही दुसरी जोडी! निळी-पिवळी, आणि समोर हिरवी-लाल. यातही चारही रंग एकेकदा! म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज ही दुसऱ्या दोन बाजूंच्या बेरजेएवढीच यायला पाहिजे. यायलाच पाहिजे!"

सासूबाईंनी गळ्यातली टेप काढली. दुकान बंद झालं तरी टेप गळ्यातून गेली नव्हती. मोजलं. एका जोडीची बेरीज एकोणसत्तर, दुसऱ्या जोडीची एकोणसत्तर. काचवाल्याचा विश्वास बसेना. त्यानं वाटी आणली, तिच्याभोवती चौकट काढली, जुळली. मग पातेल्याचं झाकण, मग डिंकाच्या डब्याचं बूड. वर्तमानपत्र संपलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता, घरात भांडं राहिलं नाही. बाईंच्या खिडकीची बेरीज करा."

दोन उभ्या बाजू, साडेसत्तावन्न आणि एकशे साडेसतरा, मिळून एकशे पंचाहत्तर. आडवी ऐंशी आणि तिरकी शंभर, मिळून एकशे ऐंशी.

"पाच कमी," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "बाईंचं माप चुकलंय."

पण काचवाला मान हलवत होता. "चुकलेलं माप असतं तर आकृती जुळली नसती. ती जुळलीय. म्हणजे कमी आहेत त्या उभ्या बाजू, आणि दोन्ही सारख्याच कमी, नाहीतर तिरकी शंभर आली नसती. अडीच-अडीच." तो खिडक्यांचा माणूस होता. आकड्यांपुढे तो चाचरायचा, पण खिडक्यांची खोड त्याला पाठ होती. "आई, दोन्ही बाजू खालूनच कापल्या गेल्यात. त्या चौकटीत खाली अडीच सेंटीमीटरची काहीतरी भर पडलीय. फळी असणार."

"न बघता?"

"न बघता."

त्यानं तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्यांनी काही विचारायच्या आत सांगून टाकलं की या मापात चारही बाजूंना टेकणारा गोल बसू शकत नाही.

"माझं माप चुकणं शक्य नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माप बरोबर आहे हो. खिडकी चुकलीय."

"म्हणजे काय?"

"खाली नंतर कोणीतरी फळी बसवलीय. अडीच सेंटीमीटर जाडीची."

"अशी काही फळीबिळी नाही! रोज बघते मी ती खिडकी."

एरवी काचवाला इथं "असू दे" म्हणाला असता. पण सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि बोटानं खूण करत होत्या, बोला, बोला. "फळी नसेल," तो म्हणाला, "तर तुमच्या खिडकीचं काम मी फुकट करून देतो."

"या मग. आत्ताच या," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

सासूबाईंनी चपला घातलेल्याच होत्या. तो म्हणाला, माळा तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे. "गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघून घेईन," त्या म्हणाल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

जिना चढायला त्यांना वेळ लागला. दर वळणावर थांबून त्या "दोन मिनिटं" म्हणायच्या आणि एका मिनिटात निघायच्या. माळ्यावर पुस्तकांची दोन कपाटं होती, एक वेताची खुर्ची होती, आणि भिंतीत प्लायवूडनं झाकलेली ती खिडकी. चौकट पांढऱ्या रंगाची, खाली-वर सारखीच गुळगुळीत. फळीचा मागमूस नव्हता. डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

काचवाल्यानं चौकटीची खालची बाजू बोटानं वाजवली, मग उभी बाजू वाजवली. आवाज वेगळा होता, पण तेवढ्यावरून कोणी मान्य केलं नसतं. त्यानं खिशातून पातळ सुरी काढली आणि खालच्या कोपऱ्यात रंग हलकेच खरवडला. रंगाखाली एक सरळ चीर निघाली. चिरेच्या बाजूनं सुरी पुढे नेली, पटाशी घातली, कोपरापासून जोर लावला. कर्रकन आवाज झाला आणि रंगाची सालं उडवत एक लांब फळी वर आली. तिच्याखाली जुन्या काचेची खाच होती, धुळीनं भरलेली.

डॉक्टरीणबाईंनी आपली टेप काढली आणि फळीची जाडी मोजली. मग त्यांनी ती पुन्हा मोजली.

"अडीच," त्या म्हणाल्या. मग उभ्या बाजू मोजल्या. "साठ. एकशे वीस."

"दोन्ही मिळून एकशे ऐंशी," सासूबाई दारातून दम खात म्हणाल्या. "आणि ऐंशी नि शंभर पण एकशे ऐंशी. आता बसेल."

डॉक्टरीणबाई जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि त्यांनी खाली यजमानांना हाक मारली. ते हातातलं वर्तमानपत्र घेऊनच वर आले. फळी बघितली आणि त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला.

"अगं, प्लायवूड खाली सरकत होतं. म्हणून मी आधाराला ठोकली. वादळानंतर, तू शिबिराला गेली होतीस ना तेव्हा."

"आणि वरून रंग दिला?"

"रंग उरला होता."

"एवढा बेमालूम?"

"एकदाच काहीतरी नीट जमलं माझ्या हातून," ते म्हणाले, "तर त्याचाही घोळ झाला." यावर डॉक्टरीणबाईंनाच हसू फुटलं.

मग हे न बघता कळलं कसं, ते डॉक्टरीणबाईंना जाणून घ्यायचं होतं. वेताच्या खुर्चीत बसून सासूबाईंनी बशी मागवली आणि यजमानांच्याच वर्तमानपत्रावर सगळं पुन्हा काढून दाखवलं. कोपरा दुमडून त्या म्हणाल्या, "ही बघा चिमटी." डॉक्टरीणबाईंनी घडी स्वतः उलगडली, पुन्हा घातली, ठिपके नखानं तपासले. "तुम्ही गणित शिकवत होता का?" त्यांनी विचारलं.

"छे हो. कपडे शिवत होते. पण कपड्यातही बेरीज चुकली की माणूस आत जात नाही."

संध्याकाळी काचवाल्याची बायको कामावरून आली तेव्हा फाटकापासूनच तिला मागच्या खोलीतले चढे आवाज ऐकू आले. "मुळीच नाही!" आईचा आवाज. "तुम्ही बघा तरी!" नवऱ्याचा. आठ महिन्यांचं साचलेलं शेवटी फुटलं, असं वाटून ती पर्स घेऊनच मागे धावली. दारात थबकली. जमिनीभर कापलेली वर्तमानपत्रं पसरली होती, घरातली झाडून सगळी गोल भांडी टेबलावर होती, आणि दोघं एका पाच बाजूंच्या आकृतीवर वाकून वाद घालत होते, पाच रंगांत समोरासमोर कोण येणार म्हणून.

"पाचाला समोर कोणी नसतंच!" सासूबाई म्हणत होत्या.

"जेवायचं काय आहे?" बायकोनं विचारलं. दोघांनीही तिच्याकडे असं बघितलं, जणू ती परक्या मुलखातून आलीय. त्या दिवशी सकाळच्या चहानंतर चूल पेटलीच नव्हती. मग तिघांनी पावाला लोणी लावून, उभ्या उभ्याच खाल्लं, आणि तिला ताटलीपासूनची सगळी हकिकत दोन तोंडांनी एकाच वेळी ऐकावी लागली. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण ती मधेच हसायला लागली आणि का हसते, ते तिनं सांगितलं नाही.

पुढचे दहा दिवस काम चाललं. गोल ऐंशीचा, हे ठरलेलंच होतं. कोपऱ्यांचे नमुने सासूबाईंनी खाकी कागदातून कापले. खालच्या दोन कोपऱ्यांच्या कडा चाळीस-चाळीस, बुटक्या बाजूवरचा कोपरा वीस-वीसचा, आणि उंच बाजूवरचा निमुळता, लांबलचक, ऐंशी-ऐंशीचा. काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीला जागा सोडून काचवाला त्याबरहुकूम दुधी काच कापत गेला. गोलात नारिंगी आणि मधाळ पिवळ्या काचा होत्या. कुठल्या शेजारी कुठली, यावर रोज सकाळी चर्चा व्हायची. कधी जावई ऐकायचा, कधी सासूबाई. लांब कोपऱ्याची काच एकदा हिरकणीखाली भलतीकडेच तडकली, तेव्हा काचवाल्यानं हत्यार खाली ठेवलं. "नवी काच घ्या, मी नमुना धरते," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसरी नीट कापली गेली.

बसवायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला. गोल चादरीत गुंडाळून काचवाला आणि बाईंचे यजमान जिन्यानं वर नेत होते आणि मागून सासूबाई सूचना देत होत्या. आधी खालचे दोन कोपरे बसले. मग गोल उचलला, खाचेत टेकवला आणि हळूच आत ढकलला. डाव्या बाजूला टेकला, उजव्या बाजूला टेकला, खाली तर बसलाच होता. वर तिरक्या बाजूशी काय होतंय, हे काचवाल्याला स्वतःच्या हाताआड दिसेना.

"आई, वर बघा. फट आहे का?"

सासूबाई जवळ गेल्या. त्यांनी बटव्यातून पातळ कागदाचा कपटा काढला आणि गोल व चौकट यांच्या सांध्यात सारून बघितला. कागद आत जाईना. त्यांनी अंगठ्यानं सांधा चाचपला.

"टेकलाय," त्या म्हणाल्या.

वरचे दोन कोपरे बसले तेव्हा बाहेर ऊन चांगलं वर आलं होतं. माळ्याच्या फरशीवर एक मोठं नारिंगी वर्तुळ पडलं, तिरप्या उन्हानं जरा लांबट झालेलं. यजमानांनी त्यात आपला पाय ठेवून बघितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चहा खाली करते, सगळे खाली या. पण सासूबाई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांनी गुडघे सरळ करून त्या उजेडात ठेवले होते.

"तुम्ही व्हा पुढे," त्या जावयाला म्हणाल्या. "मी जरा वेळानं उतरते."

"मीही थांबतो," काचवाला म्हणाला आणि हत्यारं पुसत शेजारी जमिनीवर बसला.